एक ईश्वर, अनेक संज्ञा : यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लामी परंपरांतील ईश्वरनामाचे भाषांतर

१. प्रश्नाचे स्वरूप

यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम एकाच ईश्वराची उपासना करतात काय, हा प्रश्न सामान्यतः धर्मशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. होकारार्थी उत्तर देणारे अब्राहामाचा समान वारसा, सृष्टिकर्त्या एकमेव ईश्वराची कल्पना आणि प्रेषितांची परंपरा यांचा आधार घेतात. नकारार्थी उत्तर देणारे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व आणि या दोहोंना कुराणाने दिलेला नकार यांकडे लक्ष वेधतात. दोन्ही पक्षांचे युक्तिवाद जुने आहेत. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला मात्र या वादात एक निराळी गोष्ट जाणवते. ज्या भाषेत हा प्रश्न विचारला जातो, त्या भाषेनुसार त्याचे रूपच पालटते.

अरबी भाषेत तिन्ही धर्मांच्या अनुयायांनी 'अल्लाह' ही संज्ञा वापरलेली आहे. तेथे हा प्रश्न 'यहुद्यांचा अल्लाह आणि मुसलमानांचा अल्लाह एकच काय' अशा स्वरूपात मांडावा लागतो आणि उत्तराचा काही भाग प्रश्नातच येऊन बसतो. मराठीत किंवा इंग्रजीत 'अल्ला' हे परक्या धर्माचे विशेषनाम वाटते. दोन नावे म्हणजे दोन निराळ्या सत्ता, असा ग्रह तेथे प्रश्न उच्चारण्यापूर्वीच झालेला असतो. म्हणजे जो निर्णय धर्मशास्त्राने घ्यावयाचा, तो पुष्कळदा भाषांतरकाराने आधीच घेऊन ठेवलेला असतो.

प्रस्तुत लेखात ईश्वरनामाच्या भाषांतराची काही उदाहरणे तपासून असे प्रतिपादन करावयाचे आहे की, संज्ञेच्या एकत्वावरून ईश्वराचे एकत्व सिद्ध होत नाही आणि संज्ञेच्या भेदावरून ईश्वरभेदही सिद्ध होत नाही. उलट या तीन परंपरांमधील तीव्र मतभेदच त्यांच्या बोलण्याचा विषय एक असल्याची साक्ष देतात. तथापि विषय एक असणे आणि उपासना एक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत केल्यास एका परंपरेचा दावा दुसरीवर लादला जाण्याचा धोका संभवतो.

२. निर्देश, वर्णन आणि उपासना

जर्मन तत्त्वज्ञ गॉटलोब फ्रेगे याने १८९२ मध्ये अर्थ आणि निर्देश यांत जो भेद केला, तो येथे उपयुक्त ठरतो. पहाटेची चांदणी आणि सायंकाळची चांदणी या दोन शब्दप्रयोगांचा अर्थ भिन्न आहे, परंतु दोहोंनी निर्दिष्ट होणारी वस्तू एकच, म्हणजे शुक्र हा ग्रह आहे. याच न्यायाने, सीनाय पर्वतावर नियमशास्त्र देणारा, येशूला मृतांतून उठवणारा आणि मुहंमदांकडे वचन पाठवणारा ही तीन वर्णने भिन्न असूनही त्यांचा निर्देश एकाच सत्तेकडे असू शकतो.

यावर एक आक्षेप संभवतो. वर्णने इतकी भिन्न असतील की एकाच्या मते जे ईश्वराचे सत्त्व तेच दुसऱ्याच्या मते पाखंड, तर निर्देश टिकतो काय? इंग्लिश तत्त्वज्ञ पीटर गीच याने हा आक्षेप गंभीरपणे घेतला होता. ईश्वराविषयीची समजूत पुरेशी चुकीची असल्यास उपासना त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या बाजूने सॉल क्रिप्के याच्या नामविचारानुसार नाम हे वर्णनावर अवलंबून नसते. ते प्रथम नामकरणापासून एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि मधल्या साखळीतील एखाद्याचे वर्णन चुकले तरी निर्देश सुटत नाही. या तीन धर्मांच्या बाबतीत अशी साखळी इतिहासात दाखवता येते. ख्रिस्ती धर्माने हिब्रू ग्रंथ स्वीकारले. इस्लामने अब्राहाम, मोशे आणि येशू यांना इब्राहीम, मूसा आणि ईसा या नावांनी आपल्या प्रेषितमालिकेत स्थान दिले.

तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने आपल्या 'सुम्मा'च्या ईश्वरनामविषयक प्रकरणात याच्या जवळचा एक मुद्दा मांडला आहे. मूर्तिपूजक जेव्हा मूर्तीला देव म्हणतो आणि ख्रिस्ती माणूस ते नाकारतो, तेव्हा दोघेही 'देव' हा शब्द एकाच अर्थाने वापरतात, अन्यथा त्यांच्यात विरोधच उत्पन्न झाला नसता. हा मुद्दा आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. ईश्वराला अपत्य नाही, असे कुराण म्हणते तेव्हा ते ज्या ईश्वराला ख्रिस्ती लोक पिता म्हणतात त्याच्याविषयीच बोलत असते. दोन निराळ्या देवांविषयी बोलणारी माणसे एकमेकांचे खंडन करू शकत नाहीत. फार तर ती एकमेकांकडे दुर्लक्ष करतील.

बाराव्या शतकातील अंदलुसी यहुदी कवी यहूदा हालेवी याने हाच प्रश्न व्याकरणाच्या अंगाने हाताळला. त्याचा 'कुझारी' हा ग्रंथ संवादरूप असून मुळात अरबीत, हिब्रू लिपीत लिहिलेला आहे. खझर लोकांचा राजा सत्यधर्माच्या शोधात प्रथम तत्त्वज्ञाला, नंतर ख्रिस्ती आणि मुस्लिम विद्वानांना पाचारण करतो. यहुद्याला बोलावण्याचा त्याचा मुळीच विचार नसतो. परंतु इतर दोघेही आपल्या धर्माचे प्रमाण म्हणून इस्राएलाच्या इतिहासाचाच दाखला देतात, तेव्हा राजाला यहुद्याला बोलावणे भाग पडते. ग्रंथाच्या कथानकाला गती मिळते ती याच कबुलीतून. पुढे चौथ्या भागात हालेवी म्हणतो की 'एलोहीम' हे सामान्यनाम आहे आणि तर्काने तेथवर कोणासही पोहोचता येते. चार अक्षरांचे पवित्र नाम मात्र विशेषनाम आहे आणि ते ज्याला ईश्वराचा प्रत्यक्ष अनुभव आला त्याच्यापुरतेच अर्थपूर्ण असते. म्हणजे हालेवीच्या मते सामान्यनामाच्या पातळीवर सर्व एकत्र येतात आणि विशेषनामाच्या पातळीवर वेगळे होतात.

३. ग्रीक आणि अरबी भाषांतरांनी घेतलेले निर्णय

हे चतुरक्षरी नाम यहुदी परंपरेत उच्चारले जात नाही. वाचताना त्याच्या जागी 'अदोनाय' म्हणजे 'प्रभू' असे म्हणतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून हिब्रू ग्रंथांची ग्रीक भाषांतरे होऊ लागली. ख्रिस्ती समाजाकडे आलेल्या त्यांच्या प्रतींत या नामाऐवजी 'किरियोस' हा 'प्रभू' या अर्थाचा शब्द आढळतो. या बदलाचे परिणाम दूरगामी झाले. 'किरियोस' हा शब्द धन्याला, राजाला आणि गुरूलाही लावता येई. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, प्रभूचा धावा करणाऱ्याच्या तारणाविषयीचे योएल संदेष्ट्याचे वचन येशूला उद्देशून योजले आहे. हिब्रू मूळ समोर ठेवले तर ते वचन इस्राएलाच्या ईश्वराच्या विशेषनामाविषयी आहे. ग्रीकमध्ये ते 'प्रभू'विषयी आहे आणि येशूही 'प्रभू' आहे. ख्रिस्ताच्या देवत्वाची कल्पना केवळ भाषांतरातून निर्माण झाली, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु विशेषनामाची जागा उपाधीने घेतल्यामुळे ती कल्पना जुन्या वचनांच्याच भाषेत मांडता आली, हे मान्य करावे लागते.

अरबीकडे वळले असता वेगळे चित्र दिसते. 'अल्लाह' ही संज्ञा 'अल्-इलाह' या रूपापासून सिद्ध झाली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिचे नाते अरामी 'अलाहा' आणि हिब्रू 'एलोआह' या शब्दांशी आहे. दहाव्या शतकात सादिया गाओन (८८२–९४२) याने तोराहचे अरबी भाषांतर केले. यहुदी धर्मपीठाच्या या प्रमुखाने 'एलोहीम' आणि चतुरक्षरी नाम या दोहोंसाठी 'अल्लाह' हाच शब्द योजला. मुस्लिमांचा पवित्र शब्द आपल्या पवित्र ग्रंथात आणण्यात त्याला संकोच वाटला नाही, कारण तो त्याच्या दृष्टीने मुस्लिमांचा नव्हे तर अरबी भाषेचा शब्द होता. मात्र हालेवीने पुढे ज्या भेदावर भर दिला, तो सामान्यनाम आणि विशेषनाम यांतील भेद या भाषांतरात पुसला गेला.

अरबी भाषक ख्रिस्ती समाजानेही हीच वाट धरली. नवव्या शतकापासूनची त्यांची अरबी हस्तलिखिते उपलब्ध आहेत आणि त्यांतही ईश्वर 'अल्लाह'च आहे. त्यांपैकी अनेक ग्रंथांच्या आरंभी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने प्रारंभ करून लगेच 'एकच ईश्वर' अशी जोड दिलेली आढळते. मुस्लिम वाचकाच्या कानावर पडणारी 'बिस्मिल्लाह'ची घडण येथे घेतली आहे आणि तिच्यातच त्याला अमान्य असलेला सिद्धान्त बसवला आहे. सुमारे ७८१ मध्ये पूर्व सिरियाई चर्चचा प्रमुख तिमथी आणि खलीफा अल्-महदी यांच्यात बगदादमध्ये जो संवाद झाला, त्याचा वृत्तान्त तिमथीने सिरियाईत लिहून ठेवला आहे. खलीफा त्रैक्यावर आक्षेप घेतो, तिमथी सूर्य, त्याचा प्रकाश आणि त्याची उष्णता यांचे दृष्टान्त देतो. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याचा देव निराळा आहे, असे म्हणत नाही. वाद आहे तो एकाच ईश्वराचे यथार्थ वर्णन कोणते, याविषयी.

४. 'समद' : एका शब्दावरून झालेला वाद

शब्दाच्या भाषांतरावर ईश्वराचे एकत्व कसे टांगले जाऊ शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण बायझँटाइन साम्राज्यात सापडते. कुराणाच्या ११२व्या सूरेत अल्लाहसाठी 'समद' हे विशेषण येते. त्याचा अर्थ ठरवणे मुस्लिम भाष्यकारांनाही सोपे गेलेले नाही. ज्याच्याकडे सर्वजण गरजेपोटी वळतात तो, जो कोणावरही अवलंबून नाही तो, असे अर्थ पुढे रूढ झाले. परंतु ज्याच्या आत पोकळी नाही, जो भरीव आहे, असाही एक जुना अर्थ तबरीसारख्या भाष्यकारांनी नोंदवलेला आहे.

नवव्या शतकात निकेतास या बायझँटाइन लेखकाने कुराणाचे खंडन लिहिले. त्यात या विशेषणासाठी 'होलोस्फिरोस' हा ग्रीक शब्द येतो. हातोड्याने ठोकून घडवलेल्या भरीव धातुपिंडाची प्रतिमा त्यातून उभी राहते. पोकळी नसलेला, या अर्थाशी हा शब्द अगदीच विसंगत नव्हता. पण अरबीतील भरीवपणा हे अभेद्य एकत्वाचे रूपक होते, ग्रीक वाचकाला मात्र तो लोहाराच्या ऐरणीवरील गोळा दिसला. मुसलमान एका जड पदार्थाची पूजा करतात, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला.

हा शब्द ग्रंथात राहिला नाही. इस्लाम सोडून ख्रिस्ती होणाऱ्याला जी शपथ घ्यावी लागे, तिच्यात इतर गोष्टींबरोबरच 'होलोस्फिरोस' असलेल्या मुहंमदाच्या देवाचा धिक्कार समाविष्ट झाला. ११८० मध्ये सम्राट मॅन्युएल कोम्नेनोस याने हा धिक्कार काढून टाकण्याचा आग्रह धरला. धर्मांतर करू इच्छिणाऱ्या मुसलमानाला ईश्वराचाच धिक्कार करावयास सांगितले जाते, हे त्याला अनुचित वाटत होते. धर्माधिकाऱ्यांनी कडाडून विरोध केला. होमरवरील भाष्यांमुळे साहित्याभ्यासकांना परिचित असलेला थेस्सलोनिकाचा धर्मप्रमुख युस्ताथियोस हा विरोधकांत अग्रभागी होता. अखेर तडजोड झाली. शपथेतून देवाचा धिक्कार वगळण्यात आला आणि त्याऐवजी मुहंमद आणि त्यांची शिकवण यांचा धिक्कार कायम ठेवण्यात आला. त्याच वर्षी सम्राट मरण पावला.

या प्रसंगात दोन्ही पक्ष इस्लामचे विरोधक होते. त्यांच्यातील भेद एवढाच की, युस्ताथियोसच्या मते चुकीचे वर्णन हाच खोटा देव होता, तर सम्राटाच्या मते चुकीचे वर्णनही खऱ्या देवाचेच असू शकत होते. आधुनिक तत्त्वज्ञांमधील निर्देशविषयक वाद येथे आठ शतके आधी, एका शपथेच्या मसुद्यावरून झालेला दिसतो.

५. एकत्वाच्या दाव्याची दिशा

एकाच ईश्वराचा दावा तिन्ही परंपरा सारख्याच सहजतेने करू शकत नाहीत. नंतर आलेल्या धर्माला आधीच्या धर्माचा ईश्वर आपला म्हणावा लागतो. ख्रिस्ती परंपरेत हा प्रश्न दुसऱ्या शतकातच उद्भवला. हिब्रू ग्रंथांतील न्यायकठोर देव आणि येशूचा पिता हे दोन भिन्न देव होत, असे मार्सियन म्हणत असे. १४४ च्या सुमारास रोमच्या ख्रिस्ती मंडळीने त्याला बहिष्कृत केले. त्यानंतर यहुद्यांचा ईश्वर तो आपला ईश्वर, हे ख्रिस्ती धर्माच्या पायाचे विधान ठरले. इस्लामच्या बाबतीतही तसेच. आमचा आणि तुमचा ईश्वर एक, असे ग्रंथधारकांना सांगण्याची आज्ञा कुराणाच्या २९व्या सूरेत आहे. यहुदी परंपरेला मात्र आपले स्वत्व सिद्ध करण्यासाठी नंतरच्या दोन्ही धर्मांची गरज नव्हती.

म्हणूनच मैमोनिदीझ (११३८–१२०४) याची भूमिका विशेष अभ्यसनीय आहे. ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताला लिहिलेल्या पत्रात त्याने स्पष्ट केले की मुसलमान हे मूर्तिपूजक नव्हेत आणि त्यांचा एकेश्वरवाद निर्दोष आहे. ख्रिस्ती लोकांना मात्र त्याने आपल्या धर्मसंहितेत मूर्तिपूजकांत गणले. एवढ्यावरून तो इस्लामला जवळचा मानत होता, असे वाटेल. परंतु दुसऱ्या एका निर्णयपत्रात त्याने ख्रिस्ती माणसाला तोराह शिकवण्यास अनुमती दिली आणि मुसलमानाला शिकवण्यास मनाई केली. कारण ख्रिस्ती लोक या ग्रंथाची संहिता दैवी मानतात, त्यांचा अर्थ तेवढा चुकतो. मुसलमान ती संहिताच भ्रष्ट झाली असे मानतात. ईश्वराच्या कसोटीवर एक धर्म जवळचा, ग्रंथाच्या कसोटीवर दुसरा. 'कोण आपल्या जवळ आहे' या प्रश्नाला एकच मोजपट्टी नाही, हे यावरून लक्षात येते.

यहुदी धर्मशास्त्रात 'शित्तुफ' आणि इस्लाममध्ये 'शिर्क' या संज्ञा आहेत. दोहोंची धातुमूळे भिन्न असली तरी आशय एकच, ईश्वराला भागीदार जोडणे. इस्लाममध्ये हे महापातक मानले जाते. यहुदी परंपरेत मात्र बाराव्या शतकातील फ्रेंच पंडितांच्या विवेचनाच्या आधारे पुढे असे मत पुढे आले की शित्तुफ यहुद्यांना निषिद्ध असले तरी इतरांना ते तसे निषिद्ध नाही. पेर्पिन्याँचा मेनाहेम मेइरी (१२४९–सु. १३१५) याने तर धर्मनियमांनी बांधलेल्या राष्ट्रांना प्राचीन मूर्तिपूजकांपासून पूर्णपणे वेगळे काढले. ख्रिस्ती शेजाऱ्यांबरोबर व्यापार आणि व्यवहार करणाऱ्या समाजाची गरज या विवेचनामागे होती, हे नाकारता येत नाही. तथापि त्यामुळे त्यातील विचाराचे मोल कमी होत नाही.

याच्या उलट बाजूला १०९६ चे ऱ्हाइन नदीकाठचे हत्याकांड आहे. पहिल्या क्रूसयुद्धासाठी निघालेल्या टोळ्यांनी वर्म्स आणि माइंत्स येथील यहुदी वस्त्यांवर हल्ले केले, तेव्हा अनेकांनी बाप्तिस्मा स्वीकारण्यापेक्षा मरण पत्करले, काहींनी आपल्या मुलाबाळांसह स्वतःचा अंत करून घेतला. हिब्रू वृत्तान्तांनी हे मरण ईश्वरनामाचे पवित्रीकरण म्हणून नोंदवले आहे. दोन्ही समाजांचा ईश्वर एकच आहे, हे विधान हल्लेखोरांच्या धर्मातही प्रमाण होते. ज्यांना तलवारीच्या धाकाने बाप्तिस्मा देऊ केला गेला, त्यांना त्या विधानाचा काय उपयोग? निर्देश एक असूनही उपासना एक नव्हती आणि त्या भेदासाठी माणसांनी प्राण दिले. 'सर्व एकच' या उक्तीने हा भेद मिटवणे म्हणजे त्यांच्या निवडीला अर्थ नव्हता, असे म्हणण्यासारखे आहे.

एकत्वाच्या घोषणेने शांतता येतेच असे नाही, याचे आणखी एक उदाहरण त्याच शतकातील आहे. १०७६ मध्ये पोप सातवा ग्रेगरी याने आजच्या अल्जीरियातील मुस्लिम राजा अन्-नासिर याला लिहिलेल्या पत्रात, आपण दोघेही एकाच ईश्वराला भिन्न प्रकारे मानतो, अशा आशयाचे विधान केले. पुढे १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेच्या 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने या पत्राचा संदर्भ दिला. परंतु मधल्या काळात, पत्राला वीस वर्षे होण्याच्या आतच, १०९५ मध्ये क्रूसयुद्धाची हाक दिली गेली होती.

६. एक भाषा, तीन संज्ञा

अरबीत तीन धर्म आणि एक संज्ञा होती. इबेरियन द्वीपकल्पात याच्या नेमके उलट घडले. तेथे स्पॅनिश ही तिन्ही समाजांची बोलीभाषा झाली, पण ईश्वरासाठी संज्ञा तीन राहिल्या. ख्रिस्ती लोक 'दिओस' म्हणत. स्पेनमधून १४९२ मध्ये हद्दपार झालेल्या यहुद्यांनी आपल्या लादिनो भाषेत 'एल दिओ' हे रूप जपले. १५५३ मध्ये छापलेल्या फेरारा बायबलमध्येही ते आढळते. अंती असलेला 'स' हा स्पॅनिशमध्ये अनेकवचनाचा प्रत्यय असल्यामुळे तो ईश्वराच्या नावात नको, अशी त्याची परंपरागत उपपत्ती सांगितली जाते. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, म्हणजे मोरिस्कोंनी, अरबी लिपीत स्पॅनिश लिहिण्याची 'अल्खमियादो' ही परंपरा जोपासली. त्या लेखनात भोवतालची वाक्ये स्पॅनिश असली तरी 'अल्लाह' हा शब्द भाषांतरित झाला नाही. १६०९ ते १६१४ या काळात मोरिस्कोंनाही देश सोडावा लागला.

व्याकरणाच्या दृष्टीने 'दिओस' एकवचनीच आहे. त्यामुळे 'एल दिओ' हे रूप भाषिक गरजेतून आलेले नाही. एका अक्षराच्या अभावातून त्रैक्याला दिलेला तो नकार आहे. भाषा गमावलेल्या किंवा देश गमावलेल्या समाजाकडे आपला भेद सांगण्यासाठी पुष्कळदा एवढेच साधन उरते.

७. मराठीतील अनुभव

मराठीतही या तिन्ही परंपरा आल्या. फादर थॉमस स्टीफन्स याने १६१६ मध्ये राशोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त सुमारे अकरा हजार ओव्यांतून बायबलची कथा सांगितली. ईश्वरासाठी त्याने 'परमेश्वर', 'देवबाप' असे येथल्या मातीतील शब्द घेतले. त्रैक्याच्या तिसऱ्या घटकासाठी मात्र 'स्पिरितु सांतु' हे पोर्तुगीज-लॅटिन वळणाचे नाव तसेच ठेवले. म्हणजे जे समान ते भाषांतरित केले आणि जे विशिष्ट ते परके ठेवले.

पुढे मराठी बायबलमध्ये 'एलोहीम'साठी 'देव' आणि चतुरक्षरी नामासाठी 'परमेश्वर' अशी व्यवस्था स्थिरावली. हालेवीचा भेद येथे वेगळ्या प्रकारे जिवंत राहिला. तथापि मराठीत 'परमेश्वर' हे विशेषनाम नव्हे. विठ्ठलाला, शंकराला किंवा निर्गुणालाही ते लावता येते. 'देव' या शब्दाची एक व्याकरणिक गंमतही नोंदवण्याजोगी आहे. 'एलोहीम' हे रूपाने अनेकवचनी असून उत्पत्तीच्या पहिल्याच वाक्यात त्याला एकवचनी क्रियापद लागते. मराठीत 'देव' या शब्दाचे एकवचन आणि अनेकवचन यांचे रूप एकच आहे आणि देव एक की अनेक हे क्रियापदावरूनच कळते. लादिनो भाषकांना जी धास्ती एका 'स'विषयी होती, ती मराठी बायबल वाचणाऱ्याला वाटण्याचे कारण पडले नाही.

कोकणातील बेने इस्राएल समाज मराठीभाषक. हिब्रूशी त्यांचा ग्रंथरूप संबंध एकोणिसाव्या शतकात दृढ होण्यास जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून लिहिलेले हिब्रू व्याकरण एक निमित्त ठरले. धर्मांतराच्या हेतूने आलेल्या साधनांचा उपयोग या समाजाने आपला यहुदी धर्म अधिक नीट जाणून घेण्यासाठी केला. १८७४ मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा छापला गेला. त्याच शतकाच्या अखेरच्या दशकांत बेने इस्राएलांनी हिब्रू ग्रंथांतील आख्याने मराठी कीर्तनाच्या रूपात सादर केली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ओवी लिहिताना मराठी भक्तिपरंपरेचीच शब्दसंपदा जवळ केली. आधुनिक काळातील कुराणाच्या मराठी भाषांतरांत मात्र सामान्यतः 'अल्लाह' हा शब्द तसाच ठेवलेला आढळतो. परिणामी आजच्या मराठी वाचकाला बायबलमधील ईश्वर घरचा आणि कुराणातील ईश्वर परका भासतो. हा भेद दोन ग्रंथांच्या आशयातून आलेला नाही. तो भाषांतराच्या दोन धोरणांतून आला आहे.

इंग्रजीतही असाच पेच आहे. मार्माड्यूक पिकथॉल याने १९३० च्या आपल्या भाषांतरात 'अल्लाह' कायम ठेवला. मुंबईत जन्मलेल्या अब्दुल्ला यूसुफ अली यांनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या भाषांतरात 'गॉड' असे म्हटले. त्यांच्या मृत्यूनंतर सौदी अरेबियात निघालेल्या सुधारित आवृत्तीत तेथे पुन्हा 'अल्लाह' घालण्यात आला. एकाच भाषांतरकाराच्या नावावर दोन परस्परविरोधी निर्णय नोंदले गेले.

८. शब्दावरील अधिकार

शब्द कोणाचा, हा प्रश्न मलेशियात न्यायालयापर्यंत गेला. मलय भाषेत ख्रिस्ती लोकांनी 'अल्लाह' हा शब्द फार पूर्वीपासून वापरलेला आहे. १६२९ मध्ये छापलेल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मलय भाषांतरातही तो येतो. १९८६ मध्ये सरकारने बिगरमुस्लिम प्रकाशनांना हा आणि आणखी तीन शब्द वापरण्यास मनाई करणारा आदेश काढला. 'हेरल्ड' या कॅथलिक साप्ताहिकाने दाद मागितली. ३१ डिसेंबर २००९ रोजी उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि लगोलग जानेवारी २०१० मध्ये काही चर्चवर हल्ले झाले. २०१३ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला, २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने पुढील अपिलाची परवानगी नाकारली. सारावाकमधील एका ख्रिस्ती महिलेकडून २००८ मध्ये विमानतळावर जप्त केलेल्या धार्मिक ध्वनिमुद्रिकांच्या दुसऱ्या खटल्यात मात्र मार्च २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने १९८६ चा आदेश बेकायदा ठरवला आणि २०२३ मध्ये सरकारने आपले अपील मागे घेतले.

येथे शब्दाचे रक्षण करणाऱ्यांची भूमिका विचारात घेण्याजोगी आहे. ख्रिस्ती लोक 'अल्लाह' म्हणू लागले तर मुस्लिमांचा गोंधळ होईल, ही त्यांची भीती होती. म्हणजे एक शब्द वापरल्याने एकच ईश्वर असल्याचा भास होईल आणि त्या आडून दुसरा सिद्धान्त शिरेल. अमेरिकेत याच्या उलट दिशेची भीती दिसली. व्हीटन कॉलेज या इव्हँजेलिकल संस्थेतील प्राध्यापिका लॅरिशिया हॉकिन्स यांनी डिसेंबर २०१५ मध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम एकाच ईश्वराची उपासना करतात, असे विधान केले. त्यांना रजेवर पाठवण्यात आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या संस्थेतून बाहेर पडल्या. एकीकडे एक शब्द वापरल्याबद्दल, दुसरीकडे एक ईश्वर म्हटल्याबद्दल किंमत मोजावी लागली.

यहुदी–ख्रिस्ती संवादातही असाच ताण आहे. सप्टेंबर २००० मध्ये दीडशेहून अधिक यहुदी विद्वानांनी 'दाब्रू एमेत' हे निवेदन प्रसिद्ध केले. त्यात यहुदी आणि ख्रिस्ती एकाच ईश्वराची उपासना करतात, असे विधान होते. बायबलचे अभ्यासक जॉन लेव्हेन्सन यांनी त्यावर टीका करताना सौहार्दाच्या ओढीने मूलभूत भेद झाकले जातात, असा इशारा दिला. त्यांचा विरोध संवादाला नव्हता, तर परस्परांचे म्हणणे नीट न ऐकता केलेल्या मतैक्याला होता.

९. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. निर्देशाच्या पातळीवर पाहता, तीन परंपरांना जोडणारी ग्रंथांची आणि नामांची साखळी इतकी बळकट आहे की, त्यांच्या बोलण्याचा विषय एकच आहे असे मानणे सयुक्तिक ठरते. त्यांचे परस्परखंडनही याच गृहीतावर उभे आहे. वर्णनाच्या पातळीवर भेद वास्तव आहेत आणि ते केवळ शब्दांचे नाहीत. उपासनेच्या पातळीवर तर बाहेरून कोणीच निवाडा देऊ शकत नाही, कारण आपण कोणापुढे आणि कसे नतमस्तक होतो, हे ठरवण्याचा अधिकार उपासकाचा आहे. १०९६ मध्ये ज्यांनी तो अधिकार बजावला, त्यांच्या मते समोरचा देव निराळा होता की नाही, यापेक्षा समोरचा विधी त्यांचा नव्हता, ही गोष्ट निर्णायक होती.

भाषांतरकार या तीन पातळ्यांच्या संधीवर उभा असतो. 'अल्लाह' तसाच ठेवला तर तो भेद अधोरेखित करतो, 'देव' असे भाषांतर केले तर साम्य अधोरेखित करतो. तटस्थ अशी तिसरी वाट त्याला उपलब्ध नाही. सादियाने 'अल्लाह' लिहिले आणि मोरिस्कोंनीही 'अल्लाह'च लिहिले. पहिल्याने त्या शब्दाने भोवतालच्या समाजाशी आपले नाते जोडले, दुसऱ्यांनी त्याच शब्दाने भोवतालच्या समाजापासून आपले वेगळेपण राखले. म्हणून ईश्वरनामाचे कोणतेही भाषांतर वाचताना ते शब्दकोशाच्या आधारे बरोबर की चूक, एवढेच विचारणे पुरेसे नाही. तो शब्द कोणत्या समाजाने, कोणत्या सत्तेच्या छायेत आणि कोणत्या वाचकासाठी निवडला, याचाही शोध घ्यावा लागतो. भारतीय भाषांतील बायबल, कुराण आणि यहुदी प्रार्थनाग्रंथ यांच्या भाषांतरांचा एकत्रित अभ्यास या दृष्टीने हाती घेतल्यास, या जुन्या प्रश्नाला धर्मसभांनी दिलेल्या उत्तरांबरोबरच भाषकांनी दिलेली उत्तरेही आपल्या समोर येतील.